बिनपगारी अग्निशामक : अमेरिकेतील कायदे

अमेरिकेतील सुमारे दोन तृतीयांश अग्निशामक स्वयंसेवक आहेत. कायदेशीररीत्या स्थापन झालेल्या स्वयंसेवी दलाचा अधिकृत सदस्य, पगार असो वा नसो, १९७६ च्या केंद्रीय भरपाई कायद्यानुसार अग्निशामकच.

१९७६, पब्लिक सेफ्टी ऑफिसर्स बेनिफिट्स अ‍ॅक्ट : कर्तव्यावर मृत्यू आल्यास कुटुंबाला एकरकमी मदत. सुरुवातीला ५०,००० डॉलर; आता ४ लाखांहून अधिक. पगारी आणि स्वयंसेवक, दोघांना रक्कम सारखीच. कायमच्या गंभीर अपंगत्वाचा समावेश १९९० मध्ये.

१९९७, व्हॉलंटियर प्रोटेक्शन अ‍ॅक्ट : सेवेतील साध्या चुकीसाठी स्वयंसेवकावर वैयक्तिक दायित्व नाही. घोर निष्काळजीपणाला संरक्षण नाही. परवाना लागणारे वाहन चालवताना झालेल्या हानीलाही नाही. त्यामुळे बंब चालवणारा या छत्राबाहेर राहतो.

२००३, होमटाउन हीरोज सर्व्हायव्हर्स बेनिफिट्स अ‍ॅक्ट : आग विझवून आलेला माणूस हेल्मेट उतरवतो, घरी परततो आणि रात्री छातीत कळ येते. असा मृत्यू पूर्वी १९७६ च्या कायद्याच्या भरपाईतून सहज निसटत असे. आता नेहमीपेक्षा वेगळ्या, ताणाच्या किंवा कष्टाच्या कामगिरीनंतर २४ तासांत हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात येऊन मृत्यू झाल्यास तो कर्तव्यावरचाच धरला जातो. सक्षम वैद्यकीय पुरावा विरुद्ध असेल तर मात्र नाही.