आतला पत्ता, बाहेरचा पत्ता

एखादे मोठे वसतिगृह डोळ्यांसमोर आणा. बाहेरच्या जगाला त्याचा एकच पत्ता ठाऊक असतो. खोल्यांचे क्रमांक फक्त आतल्यांसाठी. समजा, पाच नंबरच्या खोलीतून एक पत्र निघाले. दारावरचा कारकून त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून वसतिगृहाचा पत्ता घालतो, शेजारी जावक क्रमांक टाकतो आणि वहीत नोंद करतो : ‘जावक ४१, खोली ५.’ उत्तरावर तोच क्रमांक असला की वही पाहून ते पाच नंबरमध्ये पोचवायचे. वहीत नोंदच नसेल, तर पत्र कोणाचे हे कळणार कसे? ते दारातच राहते.

संगणकांच्या जाळ्यात हे कारकुनी काम ‘नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन’ म्हणजे ‘नॅट’ करते. त्याची गरज का पडली? इंटरनेटवरचा जुन्या पद्धतीचा पत्ता ३२ बिटांचा असतो. प्रत्येक बिटाच्या दोन शक्यता, म्हणून एकूण पत्ते २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. ही संख्या मोठी वाटते, पण ती जगाच्या लोकसंख्येहूनही कमी आहे! नॅटची पद्धत १९९४ मध्ये मांडली गेली. १९९६ मध्ये १० ने किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे, तसेच आणखी काही पत्ते ‘फक्त आतल्या वापरासाठी’ म्हणून निश्चित झाले. फेब्रुवारी २०११ मध्ये तर पत्त्यांचा मध्यवर्ती साठा संपला.

आता हा कारकून आपण घरच्या किंवा शाळेच्या संगणकातच कामाला लावू. व्हर्च्युअलबॉक्स नावाची प्रणाली संगणकाच्या पोटात दुसरा, आभासी संगणक निर्माण करते. त्याची डिस्क म्हणजे एक फाइल, त्याचे नेटवर्क कार्डही केवळ आज्ञावलीतले. मूळ संगणकाला यजमान म्हणतात, आतल्याला पाहुणा. पाहुण्यावर आपण फ्रीबीएसडी बसवू. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत सुरू झालेल्या युनिक्सच्या बर्कली शाखेची ही वंशज. प्रयोग करताना पाहुणा बिघडला तरी यजमान शाबूत राहतो. शिकणाऱ्याला याहून मोठी सोय ती कोणती?

व्हर्च्युअलबॉक्समध्ये नव्या यंत्राचे नेटवर्क मुळातच ‘नॅट’वर ठेवलेले असते, ते तसेच राहू द्या. फ्रीबीएसडी बसवताना ‘डीएचसीपी वापरू का?’ असा प्रश्न येतो, त्याला होकार द्या. डीएचसीपी म्हणजे मागेल त्याला पत्ता देणारी व्यवस्था. मग ‘आयएफकॉन्फिग’ ही आज्ञा दिली, की पाहुण्याचा पत्ता दिसेल : १०.०.२.१५. बाहेर जाण्याचे त्याचे दार म्हणजे १०.०.२.२, तिथेच आपला कारकून बसला आहे.

पाहुण्याने एखाद्या संकेतस्थळाकडे पान मागितले, की व्हर्च्युअलबॉक्स ती मागणी यजमानाच्या नावाने पुढे पाठवते. यजमानाचा पत्ता समजा १९२.१६८.१.५ आहे. तोही आतलाच! म्हणून घरचा राउटर पुन्हा पत्ता बदलतो. जावक क्रमांकाचे काम ‘पोर्ट’ करतो. तो १६ बिटांचा असल्याने ० ते ६५,५३५ पर्यंतचे क्रमांक मिळतात. अनेक मागण्या एकाच पत्त्यावरून जाऊनही उत्तरांची सरमिसळ होत नाही, ती यामुळेच.

इथपर्यंत सारे सुरळीत चालते. पण पाहुण्यावर ‘एसएसएच’ ही दुरून काम करण्याची सेवा चालू करा आणि यजमानावरून १०.०.२.१५ ला हाक मारा. उत्तर येत नाही! काही चुकले असे समजून पुष्कळ जण सारी प्रणाली पुन्हा बसवतात. चूक कसलीच नसते. तो पत्ता आतला आहे, यजमानाला तो माहीतच नाही. शिवाय पाहुण्याने आधी विचारणा केलेली नसल्याने वहीतही नोंद नाही.

उपाय सरळ आहे : नोंद आपणच करायची. व्हर्च्युअलबॉक्सच्या नेटवर्क विभागात ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ उघडा. यजमानाचा पत्ता १२७.०.०.१, पोर्ट २२२२. पाहुण्याचा पोर्ट २२, असा नियम लिहा. आता यजमानावरून १२७.०.०.१ च्या २२२२ पोर्टवर साध्या वापरकर्त्याच्या नावाने हाक मारा. पाहुणा ओ देईल. १२७.०.०.१ म्हणजे ‘मी स्वतः’. ही जागा रिकामी ठेवलीत, तर त्याच जाळ्यातील इतर संगणकांनाही हे दार ठोठावता येईल, म्हणून जपा.

नॅट म्हणजे कुलूप, असा समज मात्र करून घेऊ नका. अनाहूत हाक ते अडवते, पण आत शिरलेली घातकी आज्ञावली स्वतःहून बाहेर हाक मारू लागली, तर कारकून तिचीही इमानाने नोंद करील आणि उत्तर आणून देईल. शिवाय या सोयीची किंमतही आहे : आतला संगणक बोलू शकतो, पण कोणी आपणहून त्याच्याशी बोलू शकत नाही. १२८ बिटांच्या नव्या पत्त्यांमुळे प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळू शकतो. तेथे निदान पत्ते पुरवण्यासाठी या कारकुनाची गरज उरत नाही.

शेवटी एक प्रयोग. पाहुण्याचा पत्ता, यजमानाचा पत्ता आणि बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता असे तिन्ही कागदावर लिहा. मग दुसरा पाहुणा तयार करून तोही नॅटवर ठेवा. त्याचाही पत्ता १०.०.२.१५ च निघेल! तरी दोघांत गोंधळ का होत नाही? वसतिगृहे दोन असतील, तर पाच नंबरच्या खोल्याही दोन असू शकतात. आणि कारकून? त्याचे उत्तर तुम्हीच शोधा.