द्विमार्गी रेडिओचा टेबल मायक्रोफोन

टेबल मायक्रोफोन किंवा डेस्क मायक्रोफोन हा बिनतारी संदेशवहनाच्या स्थिर केंद्रात वापरला जाणारा, स्वतःच्या बैठकीवर उभा राहणारा ध्वनिग्राहक आहे. पोलीस नियंत्रण कक्ष, वन विभागाची कार्यालये, अग्निशमन केंद्रे, रेल्वे, बंदरे आणि हौशी रेडिओचालकांची केंद्रे येथे तो आढळतो. वाहनातील संचाचा माइक बोलताना हातात धरावा लागतो. टेबल मायक्रोफोन जागेवरच राहतो, त्यामुळे बोलणाऱ्याचा हात नोंदवहीत संदेश लिहिण्यास मोकळा राहतो. बोलण्यासाठी दाबावयाची कळ बहुधा बैठकीवरच असते. तिला ‘पुश टू टॉक’ किंवा आद्याक्षरांवरून ‘पीटीटी’ म्हणतात. कळ दाबलेली असताना संच प्रक्षेपण करतो आणि सोडली की ऐकू लागतो.

नंदुरबार जिल्ह्यातील संदर्भ

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. नंदुरबार, शहादा व तळोदा तालुक्यांचा बराच भाग तापीच्या सपाट खोऱ्यात आहे. अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके मुख्यतः सातपुड्याच्या डोंगररांगांत असून जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. सरदार सरोवराचे पाणी पसरल्यानंतर नर्मदाकाठच्या काही गावांना बोटीचाच आधार उरला. डोंगरातील अनेक पाडे मोबाइल संपर्काच्या छायेत आहेत. निवडणुकीच्या वेळी अशा मतदान केंद्रांशी संपर्क ठेवण्यासाठी बिनतारी संच किंवा निरोपे यांची वेगळी व्यवस्था करावी लागते.

पोलिसांच्या व इतर विभागांच्या बिनतारी यंत्रणेत मुख्यतः अतिउच्च कंप्रतेच्या लहरी वापरल्या जातात. त्या साधारणपणे सरळ रेषेत जात असल्याने डोंगराआडच्या संचापर्यंत उंचावरील पुनःक्षेपकामार्फतच पोहोचतात. अशा मार्गाने आलेला आवाज आधीच खरखरीत मिसळलेला असतो. मुळात तो अस्पष्ट निघाला असेल, तर पुढच्या टोकाला काहीच हाती लागत नाही.

येथील गावांची नावे ह्या अडचणीचे चांगले उदाहरण आहेत. तोरणमाळ आणि रोषमाळ ही दोन्ही नावे अक्राणी तालुक्यातली आहेत. कळ दाबताक्षणीच बोलणे सुरू केले, तर पुनःक्षेपक जागा होईपर्यंत पहिली अक्षरे गळतात आणि ऐकणाऱ्याला केवळ ‘माळ’ ऐकू येते. उलट ‘रोषमाळ खुर्द’ म्हणता म्हणता कळ सोडली, तर शेवटचा शब्द तुटतो. खुर्द की बुद्रुक हे कळत नाही आणि रुग्णवाहिका भलत्या गावाच्या वाटेला लागण्याची शक्यता निर्माण होते. म्हणून कळ पूर्ण दाबून सुमारे एक सेकंद थांबावे, मग बोलावे, आणि शेवटचा शब्द पूर्ण उच्चारल्यावरच कळ सोडावी. गावाचे नाव तालुक्यासह दोनदा सांगणे आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवणे ही जुनी पद्धत आजही कोणत्याही नव्या उपकरणापेक्षा अधिक उपयोगी आहे.

ध्वनिग्राहकाचे प्रकार

आरंभीच्या दूरध्वनींत व रेडिओसंचांत कार्बन कणांचे मायक्रोफोन असत. त्यांतील कण कालांतराने एकमेकांना चिकटून बसत, तेव्हा माइकला टिचकी मारून ते मोकळे करावे लागत. जुन्या चालकांची माइकवर टकटक करण्याची सवय बहुधा तिथूनच आली असावी. आजच्या माइकला तिचा काही उपयोग नाही, झाला तर अपायच होतो.

१९३३ मध्ये बाजारात आलेला ॲस्टॅटिक कंपनीचा डी-१०४ हा गोल डोक्याचा स्फटिक मायक्रोफोन हौशी रेडिओचालकांत अनेक दशके लोकप्रिय होता. त्यात रोशेल क्षाराचा स्फटिक असे. हा स्फटिक दमट हवेत विरघळू लागतो, अतिकोरड्या हवेत त्यातील पाणी निघून जाते आणि सुमारे ५५ अंश सेल्सिअस तापमानाला तो कायमचा निकामी होतो. तापी खोऱ्यात उन्हाळ्यातील तापमान ४० अंशांपलीकडे जाते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ते याहून बरेच वाढते. त्यापाठोपाठ सातपुड्यातला पावसाळा येतो. संग्रहासाठी असा जुना माइक ठेवण्यास हरकत नाही, परंतु रोजच्या वापरासाठी तो ह्या हवामानात निरुपयोगी ठरतो. शुअर कंपनीचा ४४४ हा नियंत्रित चुंबकीय पद्धतीचा टेबल मायक्रोफोन ह्या बाबतीत अधिक काटक होता. त्याची रचना ३०० ते ३००० हर्ट्झ ह्या बोलण्याच्या पट्ट्यासाठीच केलेली होती.

सध्या दोन प्रकार प्रचलित आहेत. डायनॅमिक मायक्रोफोनमध्ये पडद्याला जोडलेली बारीक तारेची गुंडाळी चुंबकाच्या क्षेत्रात हलते. त्याला बाहेरून वीजपुरवठा लागत नाही व तो उष्णता आणि दमटपणा बऱ्यापैकी सहन करतो. इलेक्ट्रेट मायक्रोफोन आकाराने लहान व स्वस्त असतो, पण त्यातील सूक्ष्म प्रवर्धकाला संचाकडून काही व्होल्टचा पुरवठा मिळावा लागतो.

बोलण्याच्या पट्ट्याविषयी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ३००० हर्ट्झच्या वरचा भाग संच कापून टाकतो आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ ह्या व्यंजनांची बरीचशी ओळख नेमकी त्याच भागात असते. त्यामुळे स्टुडिओचा महागडा माइक जोडल्याने आवाज भारदस्त वाटला, तरी शब्द अधिक कळतातच असे नाही; खर्जाचा भाग वाढल्याने कित्येकदा ते कमी कळतात.

जोडणी

टेबल मायक्रोफोनच्या केबलमध्ये किमान तीन वाहक असतात: ध्वनीचा, पीटीटीचा आणि दोहोंना समाईक असा जमिनीचा. पुष्कळ संचांत चौथी तार वीजपुरवठ्याची असते. जोडणीचे सर्वांत मोठे संकट हे की, जोडखुंटी सारखी दिसली तरी तिच्यातील पिनांचा क्रम सारखा नसतो. आठ पिनांची गोल जोडखुंटी आयकॉम व केनवुड ह्या दोन्ही कंपन्यांच्या अनेक टेबलसंचांवर आहे. केनवुडच्या मांडणीत दुसरी पिन पीटीटीची, तर आयकॉमच्या मांडणीत तीच पिन ८ व्होल्ट पुरवठ्याची असते. एकाचा माइक दुसऱ्याला तसाच लावून कळ दाबली, तर पुरवठा भलत्याच तारेशी जोडला जातो. शिवाय आयकॉमच्या ध्वनिपिनेवर इलेक्ट्रेटसाठी दिलेला एकदिश दाबही असतो. तेथे डायनॅमिक माइक लावताना मध्ये मालिकेत धारित्र घालून तो दाब अडवावा लागतो. खुंटी बसली म्हणजे जोडणी झाली, असे समजू नये. माइक आणि संच दोहोंच्या पुस्तिकांतील आकृत्या शेजारी ठेवून मल्टिमीटरने प्रत्येक तार तपासावी, मगच संच चालू करावा.

ध्वनीची तार जाळीच्या आवरणाची असावी आणि ते आवरण संचाच्या टोकाला नीट जमिनीशी जोडलेले असावे. प्रक्षेपणाची ऊर्जा केबलमधून माइकमध्ये शिरली, तर आवाज फाटका, गुरगुरल्यासारखा होतो व प्रक्षेपणशक्ती कमी केली की दोष नाहीसा होतो. ही खूण आढळल्यास केबलवर फेराइटची कडी चढवावी, तीतून केबलचे दोन-तीन वेढे घ्यावेत आणि अँटेनाची जमीनजोडणी पाहावी. ५० हर्ट्झची सलग घूं ऐकू येत असेल, तर दोष बहुधा आवरणाच्या तुटलेल्या जोडात किंवा निकृष्ट वीजपुरवठ्यात असतो.

जागा, अंतर आणि आवाजाची पातळी

माइकचे तोंडापासूनचे अंतर १० ते १५ सेंटिमीटर असावे आणि तो तोंडासमोर नाकाच्या रेषेत न ठेवता किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना निघणारा हवेचा झोत थेट पडद्यावर आदळत नाही. अंतर दुप्पट झाले की माइकपर्यंत पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. १० ऐवजी ४० सेंटिमीटरवरून बोलणारा माणूस १२ डेसिबल गमावतो. खोलीतील पंख्याचा व कूलरचा आवाज मात्र होता तेवढाच राहतो. नियंत्रण कक्षात उन्हाळ्यात कूलर बंद ठेवणे शक्य नसते. अशा वेळी माइकची पाठ कूलरकडे करणे, बैठकीखाली जाड रबर किंवा नमदा घालणे आणि जवळून बोलणे एवढे उपाय पुरतात. अंकीय संचांत ही काळजी अधिकच घ्यावी लागते. त्यांतील ध्वनिसंकेतक मानवी वाणीसाठी बेतलेला असल्याने पंख्याची घरघर तिच्यात मिसळली की शब्द विचित्र, पाण्यात बुडाल्यासारखे ऐकू येतात.

दूरच्या केंद्राशी बोलताना ओरडण्याची प्रवृत्ती सार्वत्रिक आहे, आणि ती व्यर्थ आहे. कंप्रता-विरूपणात आवाज वाढवल्याने प्रक्षेपणाची शक्ती वाढत नाही, लहरीचे विचलन तेवढे वाढते. १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनेलवर हे विचलन २.५ किलोहर्ट्झपर्यंत आणि २५ किलोहर्ट्झच्या चॅनेलवर ५ किलोहर्ट्झपर्यंत मर्यादित ठेवलेले असते. त्यापुढे गेलेला आवाज संच छाटतो व शब्द चेपले जातात. मोलगीपर्यंत ऐकू जावे म्हणून नंदुरबारात ओरडणारा चालक स्वतःचाच संदेश अस्पष्ट करीत असतो.

हौशी रेडिओचालक वापरतात त्या एकपार्श्वपट्ट पद्धतीत गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे आवाजाप्रमाणे शक्ती खरोखर कमीजास्त होते. म्हणून नेहमीच्या आवाजात बोलताना स्वयंचलित पातळी-नियंत्रणाचा काटा नेमून दिलेल्या पट्ट्यात राहील इतपतच माइकची पातळी ठेवतात. बैठकीत प्रवर्धक असलेले ‘पॉवर माइक’ बाजारात मिळतात. त्यांची कळ पूर्ण फिरवून ठेवण्याचा मोह बहुतेकांना होतो आणि मग दोन शब्दांमधल्या शांततेत शेजारच्या घरातला टीव्हीसुद्धा प्रक्षेपित होतो. अशा माइकची पातळी किमान ठेवून हळूहळू वाढवत न्यावी. परीक्षण अँटेनाऐवजी कृत्रिम भार जोडून, कमी शक्तीवर आणि दुसऱ्या खोलीतल्या संचावर ऐकून करावे. दोन्ही संच एकाच टेबलावर असल्यास शीळ घुमते आणि काहीच समजत नाही.

निगा

टेबल मायक्रोफोनमध्ये सर्वांत आधी झिजते ती कळ. नियंत्रण कक्षात ती दिवसरात्र, पाळीपाळीने, अनेक हातांनी दाबली जाते. तिचा स्पर्शबिंदू काळवंडला की बोलणे मधूनच तुटू लागते. याहून घातक दोष म्हणजे कळ अडकून बसणे. कळ अडकलेला एकच माइक संपूर्ण चॅनेल बंद पाडतो: त्या केंद्राला स्वतःला काही ऐकू येत नाही आणि इतरांनाही बोलता येत नाही. पुराच्या रात्री असे झाले, तर नदीकाठच्या केंद्राची हाक कोणापर्यंतच पोहोचणार नाही. संचातील कालमर्यादेची सोय ठरावीक वेळानंतर प्रक्षेपण आपोआप तोडते. ती चालू आहे ना, हे पाहून घ्यावे. माइकला कळ दाबून ठेवणारा खटका असल्यास, नियंत्रण कक्षात तो कायमचा निकामी करून ठेवणेच शहाणपणाचे आहे. नोंदवही, चहाचा कप किंवा कोपर कळीवर टेकणार नाही अशी जागा माइकसाठी राखावी.

दुसरा कमकुवत भाग म्हणजे केबल बैठकीत शिरते ती जागा. तेथे तारा आतल्या आत तुटतात व केबल हलवली की आवाज येतो-जातो. टेबल पुसताना माइक केबलला धरून ओढण्याची सवय याला कारणीभूत असते.

पावसाळ्यात जाळीवर बुरशी व खुंटीच्या पिनांवर हिरवट थर धरतो. माइक काही दिवस वापरात नसेल, तर तो सिलिका जेलच्या पुडीसह झाकणाच्या डब्यात ठेवावा. लाल मुंग्या कळीच्या फटीत घर करतात, तेव्हा त्या हंगामात बैठकीचे तळ उघडून पाहणे इष्ट. हिवाळ्यात नंदुरबार शहराभोवती मिरची वाळवण्याच्या पथाऱ्या पडतात आणि कोरड्या हवेबरोबर बारीक धूळ खोल्यांत येते. माइकवर स्पंजाचे आवरण असल्यास ती तेथेच अडते. हे आवरण सौम्य साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवावे. उष्णतेने दोनतीन वर्षांत स्पंजाचा भुगा होऊ लागला की ते बदलावे, अन्यथा तो चिकट भुगा जाळीतून पडद्यावर जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन बाहेरचा भाग पुसता येतो. जाळीवर थेट फवारा कधीही मारू नये. डायनॅमिक माइकमधील चुंबक लोखंडाचा कीस ओढून घेतो, म्हणून जेथे कानस किंवा ड्रिल चालते त्या टेबलावर तो उघडा ठेवू नये.

संच प्रक्षेपण करतो पण आवाज जात नाही, अशा वेळी आधी दुसरा, खात्रीचा माइक लावून पाहावा. दोष माइकमध्येच असल्यास डायनॅमिक घटकाचा रोध मल्टिमीटरने मोजता येतो: ६०० ओहम वर्गाच्या घटकात तो सामान्यतः काही शे ओहम भरतो व मापन करताना हलकी टिकटिक ऐकू येते. रोध अमर्याद दिसल्यास गुंडाळी तुटली आहे. इलेक्ट्रेट माइकमध्ये प्रथम पुरवठा पोहोचतो की नाही हे तपासतात. शासकीय संचांची दुरुस्ती संबंधित विभागाच्या तंत्रज्ञाकडूनच केली जाते; महाराष्ट्र पोलिसांत हे काम बिनतारी संदेश विभागाकडे असून त्याचे मुख्यालय पुण्यात आहे. प्रत्येक केंद्रात एक तपासलेला राखीव हातमाइक संचाशेजारीच टांगलेला असावा.

परवाना

भारतात मायक्रोफोन बाळगण्यास परवाना लागत नाही, पण तो ज्या संचाला जोडायचा त्यास सामान्यतः लागतो. हौशी रेडिओचालकांना दूरसंचार विभागाची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर परवाना व ‘व्हीयू’ ने आरंभ होणारे हाकचिन्ह मिळते. त्यांच्यासाठी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा स्थानिक संपर्कासाठी विशेष वापरात आहे. २००१ च्या भूज भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात दूरध्वनी बंद पडले असताना अशा चालकांनी निरोप पोहोचवले होते. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ ह्या नागरिक पट्ट्यात ५ वॅटपर्यंतच्या संचांना परवान्यातून सूट आहे. पोलीस किंवा वन विभागाच्या चॅनेलवर खासगी संचाने प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे.