म्हाइंभटांची वही आणि आपला मोबाईल
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोबाईल हातात आल्यापासून आपण सगळेच टिपणं करू लागलो आहोत. कुणी सांगितलेला पत्ता, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीचा फोटो, सातबाऱ्याची नक्कल, मुलाच्या प्रवेशअर्जाचा क्रमांक, आईनं फोनवर सांगितलेली सांडग्यांची रीत. लिहिणं वाढलं, हे चांगलंच झालं. अडचण आहे ती सापडण्याची. निम्मं व्हॉट्सॲपमध्ये, थोडं फोटोंच्या ढिगात, काही स्वतःलाच पाठवलेल्या संदेशात आणि उरलेलं एखाद्या टिपणवहीच्या ॲपमध्ये, तेही ‘नवीन टिपण’, ‘नवीन टिपण १’ अशा नावांनी.

यात एवढं काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अशा वेळी रुग्णाला दवाखान्यात नेलं, की डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, कोणतं औषध फवारलं? कोणत्या विषावर कोणता उपचार करायचा, हे त्या उत्तरावर अवलंबून असतं. बाटली धुऱ्यावर पडलेली असते आणि घाबरलेल्या माणसाला तिचं नाव आठवत नाही. बाटलीचा फोटो मोबाईलमध्ये असेल, पण लग्नाच्या आणि गणपतीच्या हजार फोटोंत तो त्या दोन मिनिटांत सापडला नाही, तर तो असून नसल्यासारखाच. टिपण कसं लिहावं यापेक्षा ते कसं लावून ठेवावं, हा म्हणूनच मोठा प्रश्न आहे.

गंमत अशी, की हा प्रश्न आपल्या वऱ्हाडात सव्वासातशे-साडेसातशे वर्षांपूर्वी एका माणसासमोर उभा राहिला होता आणि त्यानं तो फार चांगला सोडवला.

अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात ऋद्धपूर आहे. महानुभाव पंथाचं हे काशीक्षेत्र. २०२३ साली मराठी भाषा विद्यापीठाची घोषणा झाली तीही याच गावासाठी. श्रीचक्रधरस्वामी महाराष्ट्रातून निघून गेल्यावर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य इथं स्वामींच्या आठवणींचं मनन करीत. म्हाइंभट हे एकेकाळी स्वामींशी वाद घालायला आलेले पंडित. त्यांच्या मनात आलं, की या आठवणी ज्यांच्याजवळ आहेत ती माणसं आहेत तोवरच त्या आहेत. मग त्यांनी नागदेवाचार्यांना विचारून आणि जिथं जिथं स्वामींच्या सहवासातली माणसं होती तिथं जाऊन एकेक प्रसंग गोळा केला. या प्रसंगाला म्हणतात ‘लीळा’. त्यातून तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, परंपरेप्रमाणे इ. स. १२७८ च्या सुमारास, ‘लीळाचरित्र’ तयार झालं. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ.

एकेक लीळा बघा, किती छोटी असते. कुणी आलं, काही विचारलं, स्वामी काही बोलले, संपलं. एका लीळेत सहसा एकच प्रसंग आणि तिला स्वतःचं नाव. आजच्या भाषेत बोलायचं तर एक टिपण, एक विषय, एक शीर्षक. आपण नेमकं उलटं करतो. एकच लांबलचक टिपण उघडतो आणि त्यात किराणा, विम्याचा हप्ता आणि भाच्याच्या लग्नाची तारीख एकाखाली एक लिहीत जातो. ते टिपण कुठल्याच कप्प्यात बसत नाही, कारण ते सगळ्याच कप्प्यांचं असतं.

मग म्हाइंभटांनी या लीळा लावल्या कशा? काळानुसार. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. स्वामी एकटे हिंडत होते तो काळ एकांकात. त्या वेळचा साक्षीदार कुणी नव्हता, तेव्हा स्वामींनी पुढं स्वतः सांगितलेल्या गोष्टी तिथं आल्या. मांडणी सरळ होती. पण काळाच्या क्रमात लावलेल्या गोष्टीची एक अडचण असते. प्रसंग कधी घडला हे आठवत असेल तरच तो सापडतो. एखाद्याला स्वामींचं एका विषयावरचं सगळं म्हणणं हवं असेल तर त्यानं काय करावं? सगळा ग्रंथ चाळावा?

याचं उत्तर पुढच्या मंडळींनी दिलं. केशिराजबासांनी याच लीळांमधून स्वामींची वचनं वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ लावला. त्यांनीच स्वामींनी दिलेले दाखले निवडून ‘दृष्टांतपाठ’ केला. त्यात ११४ दृष्टांत आहेत आणि प्रत्येकाला सूत्र, दृष्टांत, दार्ष्टांतिक असा ठरलेला साचा आहे. चौदाव्या शतकात मुनिव्यासांनी ‘स्थानपोथी’ लिहिली. तिच्यात स्वामी ज्या ज्या गावी गेले, ज्या ओट्यावर बसले, त्या जागांची नोंद आहे. म्हणजे बघा, सामग्री एकच. ती एकदा काळानं लावली, एकदा विचारानं, एकदा दाखल्यानं, एकदा जागेनं. प्रत्येक वेळी नवी पोथी हातानं लिहावी लागली.

टिपणवहीच्या ॲपमध्ये हे काम फुकटात होतं आणि तिथंच त्याची खरी ताकद आहे. पण बहुतेक लोक ती वापरतच नाहीत. फोल्डर म्हणजे कपाटातला कप्पा. कागद एका वेळी एकाच कप्प्यात राहतो. लेबल किंवा टॅग ही चिठ्ठी आहे, ती एका कागदावर चार लावता येतात. फवारणीचं टिपण ‘शेत’ मध्येही दिसेल, ‘औषध’ मध्येही आणि ‘खर्च’ मध्येही, आणि तरी ते एकच राहील. गुगल कीपमध्ये लेबलं आहेत, वननोटमध्ये वह्या आणि त्यांचे भाग आहेत, ऑब्सिडियन आणि जॉप्लिनमध्ये दोन्ही आहे. शिवाय एका टिपणातून दुसऱ्याकडे जाणारा दुवाही ठेवता येतो. जर्मनीचे समाजशास्त्रज्ञ निकलास लूमान यांनी संगणकाशिवाय, नुसत्या कागदी चिठ्ठ्यांवर क्रमांक टाकून सुमारे ९०,००० टिपणं अशी एकमेकांना जोडून ठेवली होती. आपल्याला एवढा पसारा नको. माझ्या मते घरच्या माणसाला सहा-सात लेबलं पुष्कळ होतात. शेत, दवाखाना, कागदपत्रं, पैसा, घर, वाचन. लेबलं चाळीस झाली की लेबलंच शोधत बसावं लागतं. आणि कोणतं ॲप चांगलं या चर्चेत जो वेळ जातो, तेवढ्यात आहे त्या ॲपमध्ये शंभर टिपणं लावून होतात.

शीर्षक मात्र नीट द्यावं. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग विषय. ‘२०२४-०७-१८ पऱ्हाटी फवारणी’ असं लिहिलं की नावांच्या क्रमानं लावलेली यादी आपोआप तारखेनं लागते. औषधाच्या बाटलीचा फोटो दोन्ही बाजूंनी घ्यावा. मोठ्या अक्षरात छापलेलं कंपनीचं नाव आणि बारीक अक्षरातलं रसायनाचं नाव, दोन्ही हवीत. त्याखाली ते रसायनाचं नाव आपल्या हातानं टाइप करावं, कारण फोटोतली अक्षरं शोधयंत्राला वाचता येतीलच असं नाही.

मराठीत शोधताना आणखी दोन-तीन खोडी आहेत. आकडे देवनागरीत लिहिले आणि इंग्रजी आकड्यांनी शोधले, तर पुष्कळदा काही हाती लागत नाही. तेव्हा एकच पद्धत ठरवून घ्यावी. दुसरी खोड थेट आपल्या नावाशीच आहे. ‘वऱ्हाड’ या शब्दातला अर्धा ‘र’ संगणकावर दोन वेगळ्या तऱ्हांनी साठवला जातो. एका कळफलकावरून एक, दुसऱ्यावरून दुसरी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्र त्यांना दोन शब्द समजू शकतं. ‘पऱ्हाटी’चंही तेच. म्हणून अशा शब्दाच्या जोडीला ‘कपाशी’ हाही शब्द लिहून ठेवावा. आणि कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर ॲपमध्ये चिकटवला तर नुसती अगम्य अक्षरं दिसतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

लीळाचरित्राची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळल्या नाहीत, तर महानुभावांच्या पोथ्यांत दुसरा पाठही नोंदलेला असतो, तो कुणाचा हेही सांगितलेलं असतं. आपल्या टिपणांत हे अजिबात नसतं. ‘मधुमेहाला अमुक पाला चांगला’ एवढंच असतं. हे डॉक्टरांनी सांगितलं, शेजारच्या काकूंनी, की सकाळी सकाळी आलेल्या व्हॉट्सॲपनं? कुणी सांगितलं आणि कधी, हे चार शब्द जोडले तर वर्षभरानं तेच टिपण कामाचं ठरतं.

आता हरवण्याबद्दल. म्हाइंभटांची मूळ प्रत पुढं परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली. ज्यांना लीळा पाठ होत्या त्यांनी त्या आठवून पुन्हा लिहिल्या. त्यात हिराइसा या विलक्षण स्मरणशक्तीच्या बाईंचा पाठ प्रसिद्ध आहे. आज वेगवेगळे पाठ दिसतात त्याचं हेही एक कारण. आपली टिपणं कुणालाच पाठ नसतात. गुगल नोटबुक नावाची सेवा २०१२ साली बंद झाली. एव्हरनोटनं २०२३ च्या डिसेंबरात फुकट वापरणाऱ्यांवर ५० टिपणांची मर्यादा घातली. जुनी टिपणं गेली नाहीत, पण मर्यादेपलीकडे नवं लिहिणं थांबलं. म्हणून ॲप निवडताना एकच प्रश्न विचारावा, यातून माझं सगळं लिखाण बाहेर काढता येतं का? कीपमधलं ‘गुगल टेकआउट’मधून काढता येतं, ऑब्सिडियन तर साध्या मजकुराच्या फाइलीच ठेवतं. दर दिवाळीला घर आवरतो तेव्हा एक नक्कल पेनड्राइव्हवर घ्यावी आणि ती उघडते का हेही बघावं.

राहता राहिलं कुलूप. बँकेचा पिन आणि पासवर्ड साध्या टिपणात कधीही लिहू नयेत. बाकी खाजगी टिपणांना कुलूप लावायला हरकत नाही, पण त्याची किल्ली कुणाजवळ? महानुभावांनी आपल्या पोथ्या ‘सकळ’ नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिल्या. पोथ्या सुरक्षित राहिल्या, पण पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला त्या कित्येक शतकं वाचता आल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा केला तेव्हा कुठं हे धन उजेडात आलं. आपल्या घरात राजवाडे नसतात. विम्याची, शेताची, दवाखान्याची टिपणं ज्या मोबाईलमध्ये आहेत, त्याची खूण एका कागदावर लिहून, पाकिटात बंद करून, घरच्या कागदपत्रांच्या पेटीत ठेवावी आणि ती कुठं आहे हे घरातल्या एकाला तरी सांगावं.