जठराला हुकूम कोणाचा?

सकाळची कामे आटोपता आटोपता पोटात कावळे ओरडू लागतात, आणि परीक्षेच्या दिवशी मात्र समोरचा घास घशाखाली उतरत नाही. जठर तेच, मग वागणूक वेगळी का? कारण जठर ही केवळ अन्न साठविण्याची पिशवी नव्हे. मज्जातंतूंचे संदेश आणि रक्तातील साखर या दोहोंचा त्याच्यावर अंमल असतो.

व्हेगस नावाची मज्जातंतूंची जोडी मेंदूपासून निघून मान व छातीतून जठरापर्यंत उतरते. अन्नाचा नुसता वास आला तरी तिच्यातून संदेश जातो आणि घास पोटात पडण्यापूर्वीच जठररस पाझरू लागतो. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून हे दाखविले. पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाचे जठर तर त्याआधीच उघड्या डोळ्यांनी पाहिले गेले होते. १८२२ साली अमेरिकेत सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीची गोळी लागली आणि पोटाला पडलेले छिद्र कायमचे राहिले. त्यातून निरीक्षण करताना डॉ. बोमाँट यांना दिसले की, रागाचा परिणाम जठरावरही होतो. भीती वा ताण असताना दुसऱ्या गटातील मज्जातंतू जठराची हालचाल मंद करतात. परीक्षेच्या दिवशी जेवण जात नाही ते यामुळेच.

आता साखरेकडे वळू. जठराचे स्नायू मिनिटाला सुमारे तीन वेळा आकुंचन पावून अन्न घुसळतात व थोडे थोडे आतड्यात सोडतात. रक्तातील साखर फार वाढली की हा वेग मंदावतो, आणि फार उतरली की वाढतो. साखर उतरल्याचे मेंदूला कळताच व्हेगसमार्फत आम्लही अधिक पाझरते. शरीराचा हेतू उघड आहे: गरज असेल तेव्हा अन्न लवकर पुढे पाठवायचे, नसेल तेव्हा रोखून धरायचे.

मधुमेह अनेक वर्षे आटोक्यात नसेल, तर ही व्यवस्था कोलमडू शकते. व्हेगसला इजा होऊन अन्न जठरातच रेंगाळते. दोन घासांत पोट भरणे, मळमळ, खाल्लेले तासन्‌तासांनी उलटून पडणे ही त्याची लक्षणे होत. अशा रुग्णाने वेळेवर इन्सुलिन घेतले तरी अन्न आतड्यात पोहोचलेले नसते. त्यामुळे आधी साखर घसरते व नंतर चढते. घरची माणसे म्हणतात, “हा पथ्य पाळत नाही.” पण दोष नेहमी पथ्याचाच असतो असे नाही. रुग्णाला बोल लावण्यापूर्वी ही लक्षणे डॉक्टरांच्या कानावर घालावीत. थोडे थोडे, अधिक वेळा व कमी तेलकट खाल्ल्याने पुष्कळांना आराम पडतो. औषधाची मात्रा मात्र आपल्या मनाने बदलू नये.

मधुमेहावर औषध वा इन्सुलिन घेणाऱ्यास अचानक घाम, थरथर व कडकडून भूक जाणवली, तर साखर उतरली असण्याचा संभव असतो. शुद्धीवर असल्यास त्याला तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालयात न्यावे. एवढी माहिती घरातील प्रत्येक विद्यार्थ्याला असली, तर प्रसंगी एखाद्याचा जीव वाचू शकेल.