कुमारवयातील नैराश्य: ओळखायचे कोणी?

बारामती व इंदापूर या तालुक्यांनी शिक्षणात केलेली वाटचाल कोणालाही कौतुकास्पदच वाटेल. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकला, उसाच्या पैशावर मुले शिकली. १९६२ साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले, १९७२ साली विद्या प्रतिष्ठान स्थापन झाले, आणि २०१९ पासून बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पहाटेच्या एसटीने खेड्यांतून येणारी किंवा खोली घेऊन अभ्यासिकेत रात्र काढणारी सोळा-सतरा वर्षांची मुले हे येथील नित्याचे दृश्य. यांपैकी काही मुले मनाने आजारी असतात, ही गोष्ट मात्र आपल्या हिशेबात कोठेच येत नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मनोविकार आढळला. साठ मुलांच्या वर्गात चार, असा त्याचा अर्थ होतो. नैराश्य हा त्यांतील एक प्रमुख विकार.

तो ओळखता येत नाही याचे कारण, नैराश्य म्हटले की आपल्यापुढे रडवेला चेहरा उभा राहतो. कुमारवयात हा आजार पुष्कळदा चिडचिडीच्या रूपाने येतो. मुलगा वडिलांना उलट उत्तरे देतो. मुलगी डोके वा पोट दुखते म्हणून शाळा चुकवते. झोप बिघडते, भूक मंदावते, एरवी जीव की प्राण असलेला खेळ सुटतो, वाचलेले डोक्यात शिरत नाही. अशी स्थिती दोन आठवड्यांहून अधिक टिकली आणि तिने रोजचा व्यवहार अडला, तर ती वयाची लहर समजता येत नाही. घरात मात्र तिला आळस, माज किंवा नाटक म्हणतात. क्वचित बाहेरची बाधा समजून देवऋषी गाठला जातो. एकुलत्या मुलाच्या ‘नीट’साठी जमीन गहाण टाकणाऱ्या बापाला हे पटणे कठीण आहे, आणि त्याला दोष देण्यातही अर्थ नाही.

म्हणूनच ही ओळख प्रथम पटण्याची शक्यता घराबाहेर अधिक. वर्गशिक्षकाला हजेरीपटावर सोमवारच्या गैरहजेऱ्या दिसतात. परीक्षेचा अर्ज न भरलेला हुशार विद्यार्थी कार्यालयातील लिपिकाला ठाऊक असतो. त्याने एवढेच शिक्षकांच्या कानावर घातले तरी पुष्कळ झाले. मग एकांतात विचारावे, आणि जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हेही स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत निराधार आहे. विचारल्याने बहुधा मुलाला हायसेच वाटते. उत्तर होकारार्थी आले, तर मात्र मुलाला एकटे न सोडता, कीटकनाशके कुलपात ठेवून, त्याच दिवशी डॉक्टर गाठला पाहिजे. शेतकरी कुटुंबात हे कुलूप फार मोलाचे आहे.

उपचारांविषयी आपल्याकडे भीतीच अधिक. सौम्य आजारात प्रशिक्षित समुपदेशकाशी नियमित बोलणे पुरेसे ठरू शकते. आजार तीव्र असेल तर औषध लागते. २००४ साली अमेरिकेत ४३९ मुलांवर झालेल्या एका अभ्यासात औषध व विचार-वर्तन उपचार एकत्र दिलेल्या गटातील ७१ टक्के मुले १२ आठवड्यांत लक्षणीय सुधारली. दिखाऊ गोळी दिलेल्या गटात हे प्रमाण ३५ टक्के होते. औषधाचा गुण यायला काही आठवडे जातात. आरंभीच्या काळात काही मुलांत आत्मघाताचे विचार वाढण्याचा धोका असल्याने त्यांच्यावर बारीक लक्ष हवे, आणि बरे वाटताच गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

त्यासाठी येरवड्यापर्यंत जाण्याची गरज नाही. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की मनोविकार विभाग ओघानेच आला. शिवाय २०२२ पासून ‘टेलिमानस’चा १४४१६ हा दूरध्वनी अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. तो किती शाळांच्या सूचनाफलकावर लिहिलेला आहे?

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक नेमण्याचा निर्देश दिला. खासगी शिकवण्याही त्यातून सुटलेल्या नाहीत. या निकषात न बसणारे कनिष्ठ महाविद्यालय या दोन तालुक्यांत शोधावेच लागेल. चित्रकलेच्या शिक्षकाकडे हे पद कागदोपत्री सोपवून मोकळे होण्याची युक्ती आपल्या संस्थांना नवी नाही. पालकसभेत गुणपत्रिका हाती घेण्यापूर्वी नेमलेल्या व्यक्तीचे नाव, शिक्षण आणि भेटीची वेळ विचारण्याचा अधिकार पालकांना आहे.