सात बाटल्या आणि एक पोपटी

नागावच्या वाडीत सहा वाजले आहेत आणि मामा मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला दाबून बसवताहेत. जानेवारी आहे, वालाच्या शेंगा भरल्या आहेत, म्हणजे पोपटी आलीच. शेजारचे आबा शेंगांवर ओवा आणि जाडं मीठ भुरभुरतात. मग अंडी, बटाटे, केळीच्या पानात बांधलेले कोंबडीचे तुकडे, पुन्हा शेंगा, तोंडाशी पुन्हा पाला. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. मडकं जमिनीवर उपडं होतं आणि भोवती पेंढा, गोवऱ्या, सुक्या झावळ्या रचल्या जातात.

एवढ्यावर भागलं असतं. पण ओट्यावर आज एक नसती उठाठेव मांडून ठेवली आहे. सात बाटल्या, सगळ्या रविवारच्या पुरवण्यांत गुंडाळलेल्या, रबर लावलेल्या, वर ठळक आकडे. मामेभाऊ नाशिकहून आलाय. तिकडे तो द्राक्षबागायतदारांना औषधं विकतो. माझी त्याला अट एकच होती, कुठलीही बाटली हजार रुपयांच्या वर जायची नाही. कागदाच्या आत काय आहे ते फक्त त्याला ठाऊक. बाटल्या मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत बर्फात बसून गार होऊन आल्यात, लाल वाइनसुद्धा.

"लाल वाइन गार करायची नसते ना रे?" मामी विचारते.

"आई, खोलीच्या तापमानाला प्या म्हणतात ती खोली तिकडची. 17-18 अंशांची. आपल्या ओट्यावर आत्ता 27 आहे."

चहाचे काचेचे ग्लास पुढे येतात. पेला नाजूक नाही म्हणून कुणाचं अडत नाही.

एक नंबर. हलका पिवळट रंग, आणि नाकाशी नेताच काहीतरी हिरवं. मला गवती चहा वाटतो. मामी एकदाच हुंगते आणि निकाल देते, "ढोबळी मिरची चिरतेय कुणीतरी." मामेभाऊ हसून कागद सोडतो. सोव्हिन्यों ब्लां, गेल्या वर्षीची. मामीचं नाक बरोबर आहे. ढोबळी मिरचीला ज्या द्रव्यांचा वास असतो, त्याच कुळातली द्रव्यं या द्राक्षाच्या सालीत असतात. सुला कंपनीने 2000 साली आपल्या पहिल्या वाइन बाजारात आणल्या, त्यांतली एक याच द्राक्षाची होती, दुसरी शेनिन ब्लांची. तोवर नाशिक म्हणजे खायची द्राक्षं.

दोन आणि तीन नंबर एकदमच ओतायचे, असा मामेभावाचा आग्रह. द्राक्ष एकच, शेनिन. बनवणारेही एकच. फक्त पिकाचं वर्ष वेगळं, मध्ये चार वर्षांचं अंतर. दोन नंबरला पिकलेल्या पेरूचा वास आहे, मागून अननस, आणि जिभेवर साखर आहे की नाही असं वाटण्याइतपत गोडी. तीन नंबरचा रंगच कोऱ्या चहाकडे झुकलेला. वास गुळाचा, सुकलेल्या सफरचंदाचा. तोंडात घेतल्यावर फळ कुठेच नाही.

आबा घोट घेतात, तोंड वाकडं करतात. "ही तं दुपारची माडी झाली रे."

आबा तरुणपणी माडावर चढायचे. माडी पहाटे उतरवली की नारळपाण्यासारखी गोड असते. ऊन चढतं तशी ती आंबत जाते आणि दुपारी तिचं दुसरंच पेय झालेलं असतं. आबांच्या हिशेबात पेयाचं वय तासांत मोजायचं. वाइनचं वर्षांत मोजतात, पण या किमतीच्या पांढऱ्या वाइनचं फार तर दोन बोटांवर. ती ताजी प्यावी म्हणूनच बनवलेली असते. वर्षानुवर्षं मुरत सुधारणाऱ्या वाइन जगात थोड्या, आणि त्या हजाराच्या आत मिळत नाहीत.

तीन नंबरची बाटली कुठून आली, हे मी मोठ्याने विचारते आणि फसते. ती माझीच. कुणीतरी वास्तुशांतीला दिलेली. जुनी झाली की चांगली होईल म्हणून मी ती चार उन्हाळे फ्रिजवर उभी ठेवली होती. फ्रिजमध्ये नाही, फ्रिजवर, जिथे त्याची गरम हवा लागते तिथे. मामेभावाने गेल्या दिवाळीत ती गुपचूप उचलली होती.

तो आता रंगात आलाय. नाशिकला वेल वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी. त्यामुळे वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. फ्रान्समध्ये तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरची. म्हणजे दोन बाटल्यांवर साल तेच असलं, तरी आपली वाइन सहा-सात महिन्यांनी मोठी. "दुकानात आधी साल बघ, मग किंमत," तो म्हणतो. "आणि उन्हाच्या काचेत उभी असेल तर घेऊच नको, साल कुठलंही असो."

मामा मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडतात. चर्र. झाली पोपटी. मडकं फोडत नाहीत, पेंढ्याची राख झटकून परातीत ओततात आणि ओव्याच्या वाफेने सगळा ओटा भरतो. वालाची शेंग दातांनी ओढायची, आतल्या दाण्याचा कडवटपणा जिभेवर घ्यायचा आणि वर दोन नंबरचा घोट. ती किंचित गोडी इथे कामाला येते. सोव्हिन्यों मात्र ओव्यापुढे नुसतीच आंबट लागते.

लाल बाटल्या. चार नंबर शिराझ, जांभूळ आणि ठेचलेली काळी मिरी. पानातल्या कोंबडीबरोबर छान. तेवढ्यात मामी रव्यात तळलेले ओले बोंबील आणते आणि मी त्यावर तीच शिराझ पिते. तोंडात गोदरेजच्या कपाटाची किल्ली ठेवल्यासारखं होतं. लाल वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की असं होतं. आमच्या किनाऱ्यावर हे आधी सांगायला हवं, कारण इथे जेवणात मासा असणारच.

पाच नंबरवर मी थबकते. आंबट, पण लिंबाचा आंबटपणा नाही, रातांब्याचा. कागद सुटतो. सांजोव्हेजे, अकलूजकडची. मूळ इटलीचं द्राक्ष सोलापूर जिल्ह्यात रुजवलं ते फ्राटेल्लीने. इटालियनमध्ये फ्राटेल्ली म्हणजे भाऊ, आणि कंपनी उभी राहिली ती इटली, दिल्ली आणि अकलूजच्या भावांच्या जोड्यांनी. इटलीची वाइन या किनाऱ्याला तशी नवी नाही. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालात वाइन आहे आणि इटलीची विशेष पसंतीची, अशी नोंद आहे. त्याच ग्रंथात पुढच्या बंदरांत सेमुल्ला येतं, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावरचं चौल. घारापुरीला त्या काळच्या दोन कानांच्या मद्यकुंभांची खापरं सापडली आहेत.

सहा नंबर काबर्ने आणि शिराझची मिसळ, तीन वर्षं जुनी, मामेभावाच्या घरी अंधाऱ्या कपाटात आडवी ठेवलेली. ठीक आहे. मऊ झालीय, बिघडलेली नाही. याहून जास्त तिच्याबद्दल कुणी काही बोलत नाही.

सात नंबर गोव्याची गोड पोर्ट, सगळ्यांत स्वस्त. मी नाक मुरडणार एवढ्यात मामी ग्लास जवळ ओढते.

"हे तर मनुकांचं पाणी."

मामीचं माहेर अलिबागचं, इस्रायल आळीजवळ. शेजारच्या बेने इस्रायली ज्यू घरात शुक्रवारी काळ्या मनुका भिजत घालायच्या, कुस्करून गाळायच्या, आणि संध्याकाळी शब्बाथच्या प्रार्थनेला वाइनच्या जागी ते सरबत. मामी लहान होती, तिलाही वाटीभर मिळायचं. ते कुटुंब पुढे इस्रायलला गेलं. मामी पोर्टचा दुसरा घोट घेते, मग तिसरा, आणि ग्लास कुणाला देत नाही.

मतं मोजतो. दोन नंबरला दोन, पाच नंबरला माझं एक, सात नंबरला मामीचं. दोन नंबरची बाटली केव्हाच रिकामी झालीय. तीन नंबर मामा राखेवर ओततात. आबांनी मत दिलेलं नाही. ते चप्पल शोधत उठतात आणि मामेभावाला सांगतात, "उद्या सकाली सहाला ये माज्याकडं. आठला नको."