यंत्राचा डोळा

पत्र्याला आकार देणाऱ्या पॉवर प्रेससमोर हल्ली दोन उभ्या पट्ट्या बसवलेल्या दिसतात. एकीतून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण निघतात, दुसरीत ते टिपणारे डोळे असतात. कामगाराचा हात मध्ये आला, किरण तुटला, की प्रेस थांबली पाहिजे. ‘पाहिजे’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो.

असे डोळे एकाच जातीचे नसतात. संध्याकाळी आपोआप लागणाऱ्या रस्त्यावरच्या दिव्यांत पुष्कळदा कॅडमियम सल्फाइडची चकती असे. उजेडात तिचा विद्युत्-विरोध घटतो, अंधारात वाढतो. स्वस्त खरी, पण सुस्त! उजेड गेल्याचे तिला कळायला सेकंदाचा विसावा भाग सहज लागतो, कधी त्याहूनही अधिक. सुरक्षेच्या हिशेबात जवळून येणाऱ्या हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. म्हणजे तेवढ्यात हात १० सेंटिमीटर आत गेला. दिव्याला चालते ते प्रेसला चालत नाही.

फोटोडायोडची रचनाच निराळी. सिलिकॉनच्या एका तुकड्यात दोन थर असतात. एकात सुट्या इलेक्ट्रॉनांची रेलचेल, दुसऱ्यात त्यांच्या रिकाम्या जागांची. दोहोंच्या सीमेवर एक ओसाड पट्टा तयार होतो. तिथे विद्युत्-क्षेत्र मात्र जबरदस्त असते. बॅटरी उलटी जोडली की हा पट्टा रुंदावतो आणि प्रवाह जवळजवळ बंद पडतो. आता प्रकाशाचा कण तिथे शिरला, की एक इलेक्ट्रॉन सुटतो, मागे रिकामी जागा राहते आणि ते क्षेत्र दोघांना दोन दिशांना खेचून नेते. झाला प्रवाह सुरू! प्रकाश दुप्पट, तर प्रवाहही दुप्पट. प्रकाश तुटला की रेंगाळायला तिथे कोणी उरत नाही. म्हणून सेकंदाच्या दशलक्षांशात, किंबहुना त्याहूनही लवकर, खबर मिळते. फोटोट्रान्झिस्टर हाच प्रवाह शेकडो पटींनी वाढवून देतो, पण तेवढी चपळाई गमावतो. (छपरावरचे सौरघट याच कुळातले; ते कमावते, हा पहारेकरी.)

परंतु डोळा चपळ असून भागत नाही. चावीच्या क्लचची जुनी प्रेस एकदा सुटली की फेरा पुरा केल्याखेरीज थांबतच नाही. तिच्यासमोर किरणांचा पडदा लावणे ही निव्वळ धूळफेक होय. तिथे लोखंडी आवरणच हवे. मधेच थांबणाऱ्या प्रेसलाही डोळ्यापासून ब्रेकपर्यंत सारे मिळून ०.२ सेकंद लागत असतील, तर पडदा निदान ४० सेंटिमीटर दूर हवा, वर थोडी भर. हा थांबण्याचा वेळ मोजून कागदावर लिहून मागावा. ब्रेक झिजला, की तो पुन्हा मोजावा लागतो.